कोपेपॉड : सागरी मत्स्यपालनातील दुर्लक्षित दुवा

शोभिवंत माशांच्या व्यापारात कोलकात्याचे स्थान देशात अग्रभागी आहे. दक्षिण 24 परगणा व हावडा जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे परसातील तळ्यांत व सिमेंटच्या टाक्यांत गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे वाढवितात. हुगळीच्या पूर्व तीरावरील बजबज हे याच पट्ट्यातील, ताग गिरण्या व खनिज तेलाच्या साठवणुकीसाठी ओळखले जाणारे शहर. येथील उत्पादकाने अधिक मोल देणाऱ्या सागरी माशांकडे वळावयाचे ठरविले, तर पहिली अडचण खाऱ्या पाण्याची वाटते. नदीला भरती-ओहोटी असली तरी येथील पाणी सागरी टाकीस पुरेसे खारे नसते. परंतु कृत्रिम सागरी मीठ मिसळून ही अडचण दूर करता येते. अधिक बिकट प्रश्न अन्नाचा आहे.

कोपेपॉड म्हणजे काय?

कोपेपॉड हे झिंग्याच्या संघातील सूक्ष्म प्राणी होत. बहुतेक प्रौढ 1 ते 2 मि.मी. किंवा त्याहून लहान असतात. अंड्यातून निघालेला जीव 6 नॉप्लियस व 5 कोपेपोडाइट अवस्थांतून प्रौढ होतो. उबदार पाण्यात अनेक जातींचे हे चक्र 1 ते 2 आठवड्यांत पुरे होते. वनस्पतिप्लवकांतील पोषण माशांच्या पिलांपर्यंत पोहोचविणारा हा निसर्गातील मुख्य दुवा आहे. कोलकात्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे संचालक राहिलेल्या सेमूर सेवेल यांनी भारतीय सागरांतील कोपेपॉडांचे विस्तृत वर्णन 1929 पासून प्रसिद्ध केले. म्हणजे या जीवाची शास्त्रीय ओळख याच शहरात जवळपास शतकभर जुनी आहे.

आर्टेमिया का पुरत नाही?

मत्स्यबीज केंद्रांत रोटिफर व आर्टेमिया ही जिवंत खाद्ये रूढ आहेत. आर्टेमियाची सुप्त अंडी डब्यात साठविता येतात व सुमारे एका दिवसात उबवितात. मात्र त्यात डीएचए हे आवश्यक मेदाम्ल अत्यल्प असते व त्याची पिले कित्येक माशांच्या नवजात पिलांच्या मुखात मावत नाहीत. क्लाउन माशाची पिले रोटिफरवर वाढतात. अधिक लहान मुखाच्या जातींना कोपेपॉडचे नॉप्लियस लागतात. मँडरिनसारखा मासा तर प्रौढपणीही तयार खाद्य सहसा स्वीकारीत नाही व कोपेपॉड नसलेल्या टाकीत हळूहळू उपासमारीने मरतो.

संवर्धनाची पद्धत

1. मूळ संवर्ध स्वतंत्र भांड्यात वाढवावा. क्षारता हजारी 30 ते 35 भाग व तापमान 25 ते 28 अंश सेल्सिअस राखावे. हवेचे बुडबुडे मंद ठेवावेत.

2. आयसोक्रायसिस, टेट्रासेल्मिस यांसारखे सूक्ष्म शैवाल पाण्याला फिकट रंग येईल इतकेच द्यावे. पाणी निवळल्यावर पुन्हा द्यावे. अतिरिक्त खाद्य कुजून अमोनिया वाढतो.

3. किमान दोन भांडी ठेवावीत व त्यांची उपकरणे वेगळी असावीत. एका भांड्यात रोटिफर शिरल्यास वा संवर्ध मेल्यास दुसरे वाचते.

4. मुख्य टाकीला जोडलेली, मासे नसलेली छोटी आश्रयटाकी करून तीत दगड व कीटोमॉर्फा शैवाल ठेवावे.

5. दिवे मालवल्यावर, पंप काही वेळ थांबवून कोपेपॉड सोडावेत. त्यांची वस्ती स्थिरावण्यास काही आठवडे द्यावेत. त्यानंतरच मासे आणावेत.

पृष्ठभागांवर राहणारे हार्पॅक्टिकॉइड गटातील कोपेपॉड टाकीत सहज टिकतात. पाण्यात तरंगणारे कॅलेनॉइड पिलांना अधिक उपयुक्त असतात, पण रोटिफरइतक्या दाटीने वाढत नाहीत. त्यांचा उत्पादनखर्च जास्त असण्याचे हे प्रमुख कारण होय.

अर्थशास्त्रीय विचार

जिवंत खाद्य ही अंतिम वस्तू नसून मध्यवर्ती वस्तू आहे. तिच्या अभावी पुढील सर्व गुंतवणूक, म्हणजे टाक्या, वीज व मजुरी, निष्फळ ठरू शकते. आर्टेमियाच्या अंड्यांचा एक प्रमुख स्रोत अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक आहे. तेथील हंगाम व विनिमय दर यांवर अवलंबून राहणारा उत्पादक जोखीम पत्करतो. स्थानिक संवर्धामुळे आयात पर्यायीकरण साधू शकते. शिवाय जिवंत माल फार काळ साठविता येत नसल्याने जवळच्या लहान उत्पादकास स्वाभाविक लाभ मिळतो.

दुसरा प्रश्न बाह्य परिणामांचा आहे. प्रवाळ बेटांतून मासे पकडणाऱ्यास साठ्याच्या ऱ्हासाची किंमत मोजावी लागत नाही. समुद्री घोड्यांना 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूची 1 मध्ये स्थान मिळाले. परंतु केवळ बंदीने मागणी संपत नाही. कायद्याने मुभा असलेल्या जातींची टाकीत पैदास हाच टिकाऊ पर्याय आहे, आणि ती जिवंत खाद्याशिवाय पुढे जात नाही.

केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळातील विळिंजम येथे कोपेपॉड संवर्धनावर संशोधन केले आहे. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनास साहाय्य असून सर्वसाधारण लाभार्थ्यांसाठी 40 टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी 60 टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. परंतु टाकीस अनुदान मिळाले आणि संवर्ध मिळाला नाही, तर मत्ता निर्माण होते, उत्पन्न नव्हे. म्हणून प्रयोगशाळेतील शुद्ध संवर्ध बजबजसारख्या ठिकाणच्या बचत गटांपर्यंत नियमितपणे पोहोचविणारी यंत्रणा उभारणे ही सागरी शोभिवंत मत्स्यपालनाची पूर्वअट ठरते.