अर्ज, छाननी आणि पोच

हातात अर्ज धरून खिडकीपाशी रांगेत उभे राहण्याचा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठीशी आहे. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, दाखल्याचा अर्ज. खिडकीमागचे लिपिक अर्जावरून नजर फिरवीत, एखाद्या रकान्यापाशी पेन्सिलीने फुली मारीत आणि ‘येथे पालकांची सही राहिली आहे’ असे सांगून अर्ज परत देत. परत आलेल्या त्या अर्जातले बाकीचे रकाने जसेच्या तसे भरलेले असत, याचे आपल्याला कधी नवल वाटले नाही. आज तोच अर्ज संकेतस्थळावर आला आहे. एका रकान्यातील चुकीपायी सगळे भरलेले पुसले जाऊन पुन्हा कोरा अर्ज समोर उभा राहावा, असा प्रसंग अनेक पालकांवर येतो. हा दोष यंत्राचा नसून अर्ज स्वीकारणारी आज्ञावली लिहिणाऱ्याचा असतो. मी या व्यवसायात असल्यामुळे तो दोष माझ्याही हातून घडला आहे. त्याविषयी पुढे सांगेन.

संकेतस्थळे उभारणारे लोक दर वेळी पायापासून बांधकाम करीत नाहीत. वारंवार लागणारी कामे आधीच करून ठेवलेला एक सांगाडा ते घेतात; त्यास फ्रेमवर्क म्हणतात. येथे उदाहरणासाठी जँगो हे फ्रेमवर्क घेऊ. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत २००३ साली त्याची सुरुवात झाली आणि २००५ च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी मोफत खुले झाले. नाव मिळाले ते जँगो राइनहार्ट या गिटारवादकावरून. ते पायथन या संगणकभाषेत लिहिलेले आहे.

समजा, वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज आपणांस संकेतस्थळावर ठेवायचा आहे. आपण त्या पानावर जातो तेव्हा न्याहाळक, म्हणजे ब्राउझर, ‘मला कोरा अर्ज द्या’ अशी विनंती करतो. हिला ‘गेट’ म्हणतात. अर्ज भरून ‘सादर करा’ ही कळ दाबली की भरलेला मजकूर घेऊन दुसरी विनंती जाते, ती ‘पोस्ट’. जँगोमध्ये साधारणपणे एकच लहानसा आज्ञासंच या दोन्ही विनंत्यांना उत्तर देतो. ‘गेट’ आल्यास कोरा अर्ज दाखवावयाचा, ‘पोस्ट’ आल्यास आलेला मजकूर अर्जाच्या रकान्यांना जोडून छाननीस लावावयाचा.

छाननी पायरीपायरीने होते. प्रथम प्रत्येक रकान्यातील मजकूर योग्य त्या प्रकारात रूपांतरित होतो. जन्मदिनांक म्हणून आलेली अक्षरे खरोखरीच्या तारखेत बसतात का, हे येथे कळते. मग त्या रकान्याचे नियम लागतात. शेवटी एकाहून अधिक रकान्यांचा मेळ पाहिला जातो, जसे जन्मदिनांक आणि मागितलेली इयत्ता यांचा. या सर्वांतून उतरलेली माहिती स्वच्छ माहितीच्या वेगळ्या कोशात जमा होते, आणि पुढचे काम फक्त तिच्यावरच करावयाचे असते. ‘हा रकाना आवश्यक आहे’ असे न्याहाळक आधीच सांगतो, ती केवळ भरणाऱ्याची सोय. ती तपासणी सहज चुकविता येते. खरी छाननी सर्व्हरवरच झाली पाहिजे.

आता माझ्या चुकीची गोष्ट. एका अर्जात ‘नावात फक्त अक्षरे असावीत’ असा नियम मी घातला होता. पायथनमध्ये ‘ही सर्व अक्षरे आहेत काय’ असे विचारणारी तयार क्रिया आहे, तीच वापरली. ‘कमल’ हे नाव सुखरूप पार पडले. ‘मीरा’ अडले. ‘सिद्धार्थ’ही अडले. कारण युनिकोडच्या वर्गवारीत आपला काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताचा पाय ही अक्षरे नसून अक्षरांना जोडलेली चिन्हे आहेत, आणि ती क्रिया चिन्हे नाकारते. आपण ‘सिद्धार्थ’ तीन अक्षरांत वाचतो, संगणक मात्र त्यात नऊ खुणा मोजतो. त्यामुळे नावाची कमाल लांबी ठरवितानाही इंग्रजीच्या मापाने चालत नाही. अडलेल्या नावाखाली माझाच संदेश उमटत असे : ‘कृपया योग्य नाव लिहा.’ आईबापांनी ठेवलेले नाव अयोग्य आहे, असे मी एका मुलाला सांगत होतो! काही पालकांनी वैतागून नाव रोमन लिपीत भरले. एकाच नावाची दोन कागदांवर दोन स्पेलिंगे झाली की पुढे प्रतिज्ञापत्रांचा आणि राजपत्राचा केवढा खटाटोप होतो, हे आपल्या समाजात कोणास सांगावयास नको.

मग तो नियम सुधारला का? नाही, काढूनच टाकला. नावाचा रकाना रिकामा नसावा आणि तो पुरेसा लांब असावा, एवढे मला पुरेसे वाटते. नावाच्या जागी कोणी घातक आज्ञा लिहील, ही भीती खोटी नाही. पण तिचा बंदोबस्त अन्यत्र आहे. जँगो पान दाखविताना धोकादायक खुणा आपोआप निष्प्रभ करते, आणि माहितीसाठ्याशी त्याच्या नेहमीच्या मार्गाने बोलल्यास भरलेला मजकूर आज्ञा म्हणून चालत नाही. त्यासाठी लोकांच्या नावांवर पहारा बसविण्याचे कारण नाही.

त्रुटी आढळल्यास जँगो तोच अर्ज, भरलेल्या मजकुरासह, पुन्हा दाखवू देते. प्रत्येक चुकीचे कारण तिच्या रकान्यापाशी येते. आळशी लेखक येथे नवा कोरा अर्ज पाठवितो, आणि पालकांची अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. याला अपवाद दोन. परवलीचा शब्द सुरक्षिततेसाठी परत दाखवीत नाहीत. आणि निवडलेले छायाचित्र किंवा दाखल्याची फाइल न्याहाळक परत भरू देत नाही, ती पुन्हा निवडावी लागते. हे अर्जावर ठळक लिहावे, नाहीतर दुसऱ्या खेपेस दाखलाच राहून जातो.

पूर्वी कार्यालयाचा शिक्का असलेल्या छापील अर्जावरच माहिती स्वीकारली जाई. जँगो तसाच एक गुप्त शिक्का प्रत्येक अर्जात घालते. आपण एका संकेतस्थळात प्रवेश केलेला असताना दुसरे लबाड पान आपल्या नावाने परस्पर अर्ज धाडू पाहील, तर शिक्क्याअभावी तो नाकारला जातो.

सर्व काही ठीक असल्यास माहिती साठवून लगेच दुसऱ्या पानाकडे वळवावे. तसे न केल्यास, पान ताजे करताच तोच अर्ज दुसऱ्यांदा जाण्याचा संभव असतो. मंद जोडणीवर अधीर होऊन कळ दोनदा दाबली, तर मात्र हा उपाय पुरत नाही. तेथे एका विद्यार्थ्याचा एका वर्षासाठी एकच अर्ज, असे बंधन माहितीसाठ्यातच घालावे लागते. त्या दुसऱ्या पानावर मी अर्जाचा क्रमांक, भरलेले नाव आणि दिनांक मोठ्या अक्षरांत दाखवितो, आणि खाली छपाईची कळ ठेवतो. पालक पोच कागदावर मागतात, आणि तो कागद ट्रंकेत जपून ठेवतात.