बंद कोणी केलं, हे आधी शोधा

1 सप्टेंबर 2023 रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत, मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. अश्रुधुराची नळकांडी फुटली, दगडफेक झाली. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. आम्ही काही मित्र तालुक्याच्या बातम्यांचं एक व्हिडिओ चॅनल चालवतो. एरवी विषय म्हणजे मोसंबीचे भाव, पाणीटंचाई, ग्रामसभा. त्या संध्याकाळी जखमींशी आणि गावकऱ्यांशी बोलून केलेलं चित्रण आम्ही टाकलं. रातोरात ते गायब झालं. कारण एकच दिलेलं: हिंसक दृश्यं. शिवाय नवीन काही टाकायलाही बंदी.

गावात एकच चर्चा, सरकारनं दाबलं. पण आलेली नोटीस नीट वाचली, तेव्हा कळलं की निर्णय आमचं चॅनल ज्या व्हिडिओ साइटवर आहे त्या कंपनीचा होता आणि त्याला आधार तिच्याच अटी-शर्तींचा.

पुढच्या फेब्रुवारीत नेमकं उलटं घडलं. 26 तारखेला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जालन्यासह शेजारच्या जिल्ह्यांतही इंटरनेट बंद करण्यात आलं. चॅनल चालवणारी ओळखीची पोरं घाबरून विचारू लागली, खातं उडालं का? खातं जागच्या जागी होतं, नेटच नव्हतं.

या दोन्ही प्रसंगांतून आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो. आवाज बंद झाला की तो कंपनीनं बंद केला, सरकारनं की जिल्ह्याचं नेटच तोडलं, हे आधी शोधायचं. कारण दाद मागायची जागा प्रत्येक वेळी वेगळी असते.

कंपनीनं काढलं असेल तर राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य थेट पुढे करून फारसं काही साधत नाही. ते मुख्यतः सरकारविरुद्धचं संरक्षण आहे. कंपनीशी आपलं नातं कराराचं, आणि तो करार आपण ‘सहमत आहे’वर बोट ठेवतो तेव्हाच होतो. पण 2021 च्या आयटी नियमांनी आपल्या हातात काही दिलं आहे. 50 लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीनं स्वतःहून मजकूर काढला, तर तिनं कारण कळवायला हवं आणि आपली बाजू मांडायची संधी द्यायला हवी. प्रत्येक कंपनीचा तक्रार अधिकारी असतो. त्यानं 24 तासांत पोच द्यायची, आणि 2021 च्या मूळ नियमांप्रमाणे 15 दिवसांत निकाल. निकाल पटला नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

तक्रार लिहिताना राग बाजूला ठेवा. ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्यानं काम होत नाही. चित्रण कुठलं, कोणत्या तारखेचं, कितव्या मिनिटाला काय दिसतं आणि ते बातमी म्हणून का गरजेचं आहे, हे आम्ही मुद्देसूद लिहिलं. कंपनीच्याच नियमांत बातमीसाठी दिलेली सवलत दाखवून दिली. व्हिडिओ वयोमर्यादेची सूचना लागून परत आला. पण तोवर बातमी शिळी झाली होती, आणि लोकांना ती हवी होती तेव्हा मिळाली नाही, ते नुकसान भरून आलं नाही. म्हणून तक्रार पहिल्याच दिवशी करा.

सरकारी आदेशानं मजकूर गेला असेल तर वाट जास्त अवघड. आयटी कायद्याच्या कलम 69अ खालचे आदेश गोपनीय ठेवायची तरतूद आहे, त्यामुळे कारण बहुधा हाती लागत नाही. दाद उच्च न्यायालयातच मागावी लागते. पण न्यायालयाचे दरवाजे बंद नाहीत. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. त्या अटकेनंतर गाजलेलं याच कायद्याचं कलम 66अ सुप्रीम कोर्टानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं. ऑनलाइन मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार सरकारी फॅक्ट चेक युनिटला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयात न्या. अतुल चांदूरकर यांच्या 20 सप्टेंबर 2024 च्या मतानंतर टिकला नाही.

नेट बंद असेल तर लेखी आदेश मागा. तो सहसा राज्याच्या गृह सचिवांच्या सहीचा असतो. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बेमुदत बंदी चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानं 10 जानेवारी 2020 ला अनुराधा भसीन प्रकरणात बजावलं आहे.

तयारी मात्र आधीच हवी. मूळ चित्रण कायम स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. आमचं होतं, म्हणून तक्रारीत दाखवता आलं. नोटीस येताच स्क्रीनशॉट घ्या, तारीख आणि वेळेसह. प्रेक्षकांपर्यंत पोचायची दुसरी वाटही ठेवा, कारण एका कंपनीच्या मर्जीवर गावाची बातमी टांगून ठेवणं धोक्याचं आहे. अटी-शर्ती सगळ्या वाचणं जमत नसेल तर चार कलमं तरी वाचा: काय काढलं जातं, खातं कधी बंद होतं, आपल्या चित्रणावर कंपनीला कोणते हक्क मिळतात आणि वाद कुठल्या कोर्टात चालतो.

ही कलमं आपल्या भाषेत, आणि समजेल अशा मराठीत मिळाली पाहिजेत. वैयक्तिक माहितीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांमध्ये देण्याची तरतूद 2023 च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात आहे. मग ज्या करारावर गावातल्या माणसाचा आवाज अवलंबून आहे, त्यालाही तोच नियम लागला पाहिजे. ही मागणी आपल्या खासदारांकडे आणि मंत्रालयाकडे लेखी करा. आम्ही केली आहे, तुम्हीही करा.