मूर्वा : धनुष्याच्या दोरीपासून औषधिकाष्ठापर्यंत

धनुष्याच्या दोरीस संस्कृतात 'मौर्वी' म्हणतात, म्हणजे मूर्वेची. मनुस्मृतीने क्षत्रिय बटूची मेखला याच दोरीची सांगितली आहे. चिवट तंतू हा मूर्वेच्या ओळखीचा जुना आधार आहे. मात्र तेवढ्यावर विसंबल्यास घोटाळा होतो, कारण भारतात चिवट तंतूच्या वनस्पती पुष्कळ आहेत.

कोरोमंडल किनाऱ्यावरील सॅन्सेव्हिएरिया रॉक्सबर्घियाना (हिचा समावेश आता ड्रॅसीना वंशात करतात) हिच्या पानांपासून उत्तम वाख निघतो व काही ग्रंथकार हिलाच मूर्वा मानतात. परंतु हिचा तंतू पानात, आणि आपणांस हवे असते मूळ. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने मार्सडेनिया टेनॅसिसिमा या वेलीचे मूळ ग्राह्य धरले आहे. राजमहाल टेकड्यांतील लोक हिच्या सालीच्या तंतूची धनुष्याची दोरी करीत. 'टेनॅसिसिमा' म्हणजे अत्यंत चिवट. केरळात मात्र कोनेमॉर्फा फ्रॅग्रन्स वापरतात.

महाराष्ट्रात प्रश्न अधिक नाजूक आहे. येथे मूर्वा म्हणून बहुधा मोरवेल, म्हणजे क्लेमॅटिस, पुढे येते. हिचा ताजा रस त्वचेवर फोड आणणारा आहे. भावप्रकाशाने मूर्वा मधुर-तिक्त, गुरु व पित्तरक्तहर सांगितली. 'मधुरसा' हा तिचा पर्यायही आहे. हे वर्णन मोरवेलीस कसे लागू करावे? वाळल्यावर तिचा दाहक अंश बराच कमी होतो, त्यामुळे तक्रार येत नाही आणि बदल लक्षातही येत नाही, ही खरी अडचण.

चरकाच्या स्तन्यशोधन महाकषायात मूर्वा आहे, म्हणजे औषध प्रसूत मातेच्या पोटात जाते. सुश्रुताच्या आरग्वधादि व पटोलादि गणांतही ती आहे. लाक्षादि तैल तर प्रत्येक औषधालयात असतेच.

म्हणून औषधालयचालकांनी चूर्ण घेऊ नये, अखंड मूळ घ्यावे आणि पुरवठादाराकडून पानासह फांदीचा नमुना मागावा. मार्सडेनियाचे पान साधे, हृदयाकृती, लवदार. वेल मोडल्यास पांढरा चीक येतो. मोरवेलीस चीक नसतो व फळांना पिसासारखी शेपटी असते. कोनेमॉर्फालाही चीक येतो. तेव्हा पान व फूल पाहावेच. बाटलीवरील सूचीत नुसते 'मूर्वा' न लिहिता वनस्पतीचे शास्त्रीय नावही छापावे. वैद्यांनीही ते पाहूनच औषध निवडावे.