हाली रुपया

आपल्या नांदेड-लातूर भागात पूर्वी निजामाचे राज्य होते. त्याच्या नाण्याला हाली सिक्का म्हणत. सात हाली रुपये म्हणजे इंग्रजांचे सहा. चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो. नीट बघा, त्याच्या दारात एक उर्दू अक्षर असते. 'मीम' असेल तर रुपया महबूब अली खानचा, 'ऐन' असेल तर उस्मान अली खानचा, म्हणजे १९११ नंतरचा.

१९४८ साली निजामाचे राज्य गेले. पुढे हाली बंद झाला. बंद रुपयाला बाजारात कोण विचारतो? पण आत चांदी होती ना! लोकांनी सोनाराकडून आटवून वाळे, तोडे केले. म्हणून आता हाली लई कमी दिसतो.

आजीजवळ एक आहे, 'ऐन'वाला. पणजीने भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवला होता, म्हणून तो आटवायचा राहिला. भोकाने किंमत कमी होते म्हणे. मोडवाला मागत होता, आजीने दिला नाही.