नकाशातली निळी रेघ

अमेरिका देशाच्या मधल्या भागात उंच, सपाट माळ पसरला आहे. तिथे पाऊस कमी. लोक मोठी कुरणे राखतात आणि गुरे पाळतात.

या माळाचे जुने सरकारी नकाशे आहेत. १८७९ साली तिथल्या सरकारने एक खाते काढले. खात्याच्या माणसांनी रानोमाळ हिंडून जमीन मोजली.

मंडळी, हा नकाशा कसा वाचावा ते आम्ही सांगतो. तपकिरी रेघा उंचीच्या. रेघा दाट, तिथे चढ. रेघा विरळ, तिथे सपाटी. काळा रंग घराचा, शाळेचा, पवनचक्कीचा. वाऱ्याने चक्की फिरते, जमिनीतले पाणी हौदात पडते, गुरे पितात. निळा रंग पाण्याचा. अखंड निळी रेघ म्हणजे बारमाही ओढा. तुटक रेघ म्हणजे काही महिनेच वाहणारा.

आता कन्सास प्रांतातली आर्कन्सा नदी घ्या. वरच्या अंगाला कालव्यांनी पाणी वळवले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठे पंप आले, जमिनीतला उपसा वाढला. पाणी खोल गेले. आज गार्डन सिटी गावाजवळ नदीचे पात्र पुष्कळदा कोरडे असते.

कोणी म्हणेल, "इथे पाणी कधी नव्हतेच." त्याला जुना नकाशा दाखवावा. म्हातारी माणसे जातात, आठवण पुसते. कागदावरची रेघ राहते. म्हणून आम्ही म्हणतो, अक्षरासारखा नकाशाही वाचायला शिका.

प्रश्न : तुटक निळी रेघ काय सांगते? नदी कशाने आटली?