ईस्ट ग्रीनिचची मुंबई

अमेरिकेतील तेरा वसाहतींचा धडा सुरू झाला की वर्गात जांभया सुरू होतात. अशा वेळी मी फळ्यावर ‘ईस्ट ग्रीनिच’ एवढेच लिहितो. लंडनजवळची ही इंग्लंडच्या राजाची जमीनदारी. १६०६ साली राजाने व्हर्जिनिया कंपनीला अमेरिकेतील भूमी दिली, तेव्हा ती या जमीनदारीचाच भाग समजावी, असे सनदेत नमूद केले. पुढे २७ मार्च १६६८ च्या सनदेने दुसऱ्या चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीस दिली आणि तीतही तोच शब्दप्रयोग आला. कागदोपत्री आपले गिरगाव ग्रीनिचच्या शिवारात जाऊन बसले! खंड वर्षाला दहा पौंड. लष्करी चाकरीची अट न घालता ठरीव खंडावर जमीन देण्याची ती इंग्रजी रीत होती.

दोन्ही सनदांत आणखी एक कलम समान होते. वसाहतीत राहणारी राजाची प्रजा आणि तेथे जन्मणारी तिची मुले यांना इंग्लंडात जन्मलेल्यांसारखेच हक्क मिळावयाचे होते. मात्र सनदेतील हक्क प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला आले, हे पाहिल्याशिवाय इतिहास समजत नाही.

व्हर्जिनियात जुलै १६१९ मध्ये जेम्सटाउन येथे निवडून आलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. त्यानंतर महिन्याभरातच, ऑगस्टमध्ये, पळवून आणलेल्या वीसेक आफ्रिकी माणसांना तेथे उतरवून विकण्यात आले. पाठ्यपुस्तके पहिली घटना ठळक छापतात. १६२४ मध्ये तेथील कंपनी मोडली व राजाचा अंमल सुरू झाला. मुंबईत क्रम उलटा होता: १६६५ पासून राजाचा अंमल, नंतर कंपनीचा. येथे प्रतिनिधिसभा नव्हतीच. गव्हर्नर व त्याचे मंडळ कारभार पाही. जेराल्ड आंजियरने १६७२ मध्ये इंग्रजी कायद्याचे न्यायालय उघडले, पण आपसांतील तंटे जातीजातींच्या पंचायतींकडेच ठेवले. कंपनीला त्यात खर्च कमी होता. ज्यांचा तंटाच जातिव्यवस्थेशी होता, त्यांना त्यात दाद कोठून मिळणार?

बाबासाहेबांनी १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात याच कंपनीच्या प्रशासन व अर्थकारणावर एम. ए.चा प्रबंध लिहिला. ते विद्यापीठही १७५४ मध्ये न्यूयॉर्क वसाहतीत राजाच्या सनदेने स्थापन झालेले! पुढे १९१९ मध्ये त्यांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, ती मताधिकार व प्रतिनिधित्व या विषयावरच.

दोन्ही वसाहतींना जोडणारा एक माणूसही आहे. डिसेंबर १६८३ मध्ये कंपनीच्या काटकसरीला वैतागून कॅप्टन रिचर्ड केग्विनने मुंबईचा ताबा घेतला आणि जवळजवळ वर्षभर राजाच्या नावाने कारभार केला. सर थॉमस ग्रँथम याने नोव्हेंबर १६८४ मध्ये त्याच्याकडून किल्ला परत घेतला. केग्विनला माफीचे वचन मिळाले व ते पाळले गेले.

याच ग्रँथमने सात वर्षांपूर्वी, जानेवारी १६७७ मध्ये, व्हर्जिनियातील बेकनच्या बंडखोरांशीही बोलणी केली होती. शेवटपर्यंत शस्त्र न टाकणाऱ्यांत सुमारे ऐंशी कृष्णवर्णीय व वीस इंग्रज वेठबिगार होते. त्यांनाही त्याने वचन देऊन नावेत बसविले, तोफांच्या माऱ्यात आणले आणि त्यांच्या मालकांच्या स्वाधीन केले.