अभंगाचे माप : शाळेतील काव्यलेखनाचा एक पाठ

धाराशिव जिल्ह्यातील तेरणाकाठचे तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. जानेवारी २०२० मध्ये धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्या वेळी संमेलननगरीला त्यांचेच नाव देण्यात आले होते. अशा जिल्ह्यातील विद्यार्थ्याने अभंगाची व्याख्या परीक्षेपुरती पाठ करावी आणि भजनात ऐकलेला अभंग मात्र त्याला मोजता येऊ नये, हे बरे नव्हे. छंद आधी कानाने आणि मग हाताने शिकावयाचा असतो.

मोठ्या अभंगाचे माप सोपे आहे. चार चरण, पहिल्या तिहींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. जोडाक्षर एकच धरावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही, कारण म्हणताना प्रत्येक अक्षर सारखेच लांबविले जाते. लहान अभंगात बहुधा आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात. शिक्षकांनी प्रथम एखादा अभंग वर्गाकडून टाळीवर म्हणवून घ्यावा, बोटांवर मोजवावा आणि लगेच लिहावयास सांगावे. विषय मुलांच्या शिवारातील असावा. समजा, एकाने लिहिले :

भेगाळल्या रानी । मेघाची चाहूल ।
पेरणीचे पाऊल । थांबलेले ॥

मोजून पाहता तिसऱ्या चरणात सात अक्षरे भरतात. येथे खरा पाठ सुरू होतो. शिक्षकांनी उत्तर सांगू नये, घरी हाच शब्द कसा बोलतात एवढे विचारावे. शेतकरी पेरणीला ‘पेरा’ म्हणतो. ‘पेऱ्याचे पाऊल’ केले की सहा अक्षरे होतात, यमकही टिकते. पेऱ्याला पाऊल आले, ते थांबले, म्हणजे चेतनगुणोक्ती साधली. अलंकाराचे नाव मुलांना आता सांगावे, अगोदर नव्हे.

अलंकार कामधंद्यातून येतो, हे दाखविण्यास गोरोबाकाकांचीच आख्यायिका घ्यावी. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरविले, असे सांगतात. कुंभाराच्या कामातील साधा शब्द येथे माणसाच्या परीक्षेचे रूपक झाला. सुताराच्या, मेंढपाळाच्या मुलाजवळही असे शब्द असतात. ते मागून घ्यावे लागतात, इतकेच.

लघु-गुरू, गण आणि मात्रा यांची पाळी यानंतरची. चार ‘य’ गणांचे, बारा अक्षरी भुजंगप्रयात कानाला लवकर पटते. तेथून आरंभ करावा. माधव ज्युलियन यांचा ‘छंदोरचना’ हा ग्रंथ शिक्षकांनी स्वतःसाठी जवळ ठेवावा. वर्गाची सुरुवात त्याने झाल्यास मुले दचकतात.

राहिली ओवी. ग्रंथातील ओवीला साडेतीन चरण मानतात. पहिल्या तिहींचे यमक जुळते, चौथा आखूड असतो. जात्यावरच्या ओवीची लांबी मात्र सैल. जात्याचा फेरा आणि बाईचा गळा ती सांभाळून घेतात. पिठाच्या गिरणीने बायकांचे कष्ट वाचविले, ते उत्तमच झाले. पण त्याबरोबर ओवी म्हणण्याचे निमित्तही गेले. ज्यांना त्या मुखोद्गत आहेत, त्या आता वयोवृद्ध आहेत. म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. प्रत्येक शाळेने एक वही घालावी, मुलांनी आजीकडून ओव्या उतरवून घ्याव्यात, खाली तिच्या संमतीने तिचे नाव, गाव व तारीख लिहावी. ग्रामपंचायतीने एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. ओवी जशी म्हटली तशीच, बोलीतील उच्चारासह लिहावी. शुद्धलेखनाच्या तांबड्या शाईला या वहीत मज्जाव असावा.